जड ते पुढं

व्हर्ना: …आणि बाबांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. ट्रेलरच्या जोडणीचा खटका खट्‌ वाजला की लगेच. बाबा गाड्यात घोडे चढवायचे आणि मी एवढीशी पोर दोर धरून उभी. "जड ते पुढं, हलकं ते मागं, नाहीतर उतारावर शेपूट नाचायला लागं."

ऑरिन: तुझे बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर खेपेला आपल्या ट्रकमध्ये तिसरे ते बसलेले असतातच.

व्हर्ना: बसू देत. जेवायला तर मागत नाहीत. जरा पुढे घे. ट्रकची मागची चाकं अजून वजनकाट्याच्या पहिल्याच पाटीवर आहेत.

ऑरिन: दिसतंय मला. कॉफीचं झाकण उघडून देतेस?

व्हर्ना: आज सगळं मीच उघडायचं का? सकाळी जोडणी मी लावली, साखळ्या मी अडकवल्या, आता झाकणही मीच.

ऑरिन: लाडावून ठेवलंयस मला. त्याला मी काय करू?

व्हर्ना: खांबावरचं बटण दाब आणि काट्यावरच्या बाईंना सांग, आम्ही आलोय म्हणून.

इमेल्डा: वजनकाटा, इमेल्डा बोलतेय. कुठली कंपनी?

ऑरिन: कंपनी नाही, बाई. नवरा-बायको. मागं ट्रेलर आहे, राहायची खोली आणि वाळूतली दुचाकी न्यायची जागा एकातच. वाळूच्या टेकड्यांवर निघालोय.

इमेल्डा: थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सगळं युमा गाव तिकडंच निघतं. थांबा, हलू नका. दोन मिनिटं.

व्हर्ना: गेल्या वर्षीचं बोलणं लक्षात आहे ना?

ऑरिन: कुठलं?

व्हर्ना: घाट उतरताना ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला होता. खाली आल्यावर तू रस्त्याकडेला बसून पाणी प्यालास आणि हात वर करून म्हणालास, "व्हर्ना, यापुढं भरून निघायचं ते काट्यावरून. मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर तिथूनच घरी वळायचं आणि हे धूड विकून टाकायचं."

ऑरिन: घाबरलेल्या माणसाचं बोलणं कुणी मनावर घेतं का?

व्हर्ना: मी घेतलंय. मीही घाबरलेच होते.

इमेल्डा: काका, कागद तयार आहे. ट्रेलरखालची पाटी जरा जास्तच दाखवतेय हो.

ऑरिन: जास्त म्हणजे?

व्हर्ना: थांब, रिकाम्या ट्रकचं वजन मला पाठ आहे. आकडे सांगा हो बाई… हं… हं. ऑरिन, सातशे पौंड जास्त.

ऑरिन: काटा बिघडला असेल.

इमेल्डा: काट्याची तपासणी गेल्याच आठवड्यात झालीय, काका.

ऑरिन: मग व्हर्नाचे पीच असणार. बरण्याच बरण्या भरल्यात. आणि ती बिडाची भांडी. आपण काय फौज जेवू घालणार आहोत?

व्हर्ना: पीच सातशे पौंड? आणि तुझी लाकडं? निम्मं ओकचं रान तोडून आणलंयस. शिवाय नाल फेकायच्या खेळाचं ते लोखंड, तुझ्या तीन खुर्च्या…

ऑरिन: दोन.

व्हर्ना: तीन. तिसरी चादरीखाली लपवलीयस. फाटकी, माझ्या बहिणीनं फेकून दिलेली.

ऑरिन: त्या खुर्चीत मला झोप छान लागते.

इमेल्डा: अहो, बटण अजून दाबलेलंच आहे. दुकानात सगळ्यांना ऐकू येतंय. बुरितोवाला म्हणतोय, खुर्ची राहू द्या. आणि तुमच्या मागं दोन मोठे ट्रक उभे आहेत. तेवढी गाडी बाजूला घ्या, कागद मी आणून देते.

(गाडी काट्यावरून उतरून बाजूच्या मोकळ्या जागेत उभी राहते.)

ऑरिन: ऐक. घरी वळायची काही गरज नाही. डोकं शांत ठेवून विचार करू.

व्हर्ना: माझं शांतच आहे. क्लीटसला फोन करून सांगते, या वर्षी तुझी बहीण आणि मेव्हणा येत नाहीत. ट्रेलरला गिऱ्हाईकही तोच शोधून देईल.

ऑरिन: तुझ्या भावाला या आनंदात कशाला ओढतेस? हे बघ, पाण्याची टाकी मी रिकामी ठेवलीय. नाहीतर म्हटलं असतं, पाणी सोडू. आता काय सोडायचं ते…

व्हर्ना: टाकी भरलेली आहे.

ऑरिन: काय?

व्हर्ना: काठोकाठ. सोमवारी मी भरली. तू झोपला होतास.

ऑरिन: अगं मग झालंच की. आठशे पौंडांच्या वर पाणी असेल ते. आत्ता तोटी सोडतो, भिजू दे जमीन, आणि शंभर पौंड शिल्लक ठेवून निघू. तू मला वेडंच केलं होतंस.

व्हर्ना: तोटीला हात लावू नकोस.

ऑरिन: का? तळावर पाणी मिळतं. क्लीटसकडे पिंपं आहेत.

व्हर्ना: टाकी कुठं आहे?

ऑरिन: पुढं. जोडणीच्या मागं. तुलाही माहीत आहे.

व्हर्ना: पुढचं पाणी सोडलंस तर मागचं ओझं शेपटीला येईल. मग उतारावर बाबांचं गाणं मला तोंडानं म्हणायला नको. ट्रेलरच म्हणेल.

ऑरिन: मागं आहे काय एवढं? माझी दुचाकी आणि थोडी लाकडं.

व्हर्ना: ऑरिन.

ऑरिन: हं.

व्हर्ना: मागं काय आहे?

ऑरिन: सांगितलं ना. आणि ते मधलं दार उघडू नकोस. हेल्मेटं रचून ठेवलीत, अंगावर पडतील.

इमेल्डा: हा घ्या कागद. माफ करा, मध्येच आले का मी?

व्हर्ना: नाही हो. तुम्ही साक्षीदार. माझा नवरा आत्ता मला सांगणार आहे, मागं काय आहे ते.

इमेल्डा: सांगा की, काका. माझी सुट्टी दहाच मिनिटांची असते.

ऑरिन: बायका दोन झाल्या की माणसानं करायचं काय?

इमेल्डा: कबूल व्हायचं. आमच्या घरी तरी तसंच चालतं.

ऑरिन: …गाडी आहे. वाळूतली. चार चाकांची. मोठ्या सांगाड्याची.

व्हर्ना: रंग?

ऑरिन: रंगाचं काय घेऊन बसलीस आत्ता?

व्हर्ना: नारिंगी. दोन सीट. डाव्या, स्टिअरिंगच्या सीटवर अजून प्लास्टिक आहे.

ऑरिन: तुला माहीत होतं?

व्हर्ना: रविवारी तू केस कापायला गेलास तेव्हाच. दार उघडलं. एकही हेल्मेट अंगावर पडलं नाही.

ऑरिन: आणि चार दिवस गप्प राहिलीस?

व्हर्ना: तू घरभर शीळ घालत फिरत होतास. कितीतरी महिन्यांनी. ती बंद पडेल, म्हणून गप्प बसले. पण मागच्या चाकांच्याही मागं एवढं धूड आणि त्याच्याभोवती लाकडं, हे बघून मला झोप येईना. तुझं गुपित तर मोडायचं नव्हतं. मग म्हटलं, निदान ट्रेलरचं नाक तरी जड करावं. म्हणून पाणी भरलं.

इमेल्डा: म्हणजे यांनी मागं लपवलं आणि तुम्ही पुढं. काट्यानं दोघांना एकदमच पकडलं की.

ऑरिन: तरी म्हटलं, आज ट्रेलर एवढा गुणी पोरासारखा मागनं कसा येतोय.

व्हर्ना: गुणी आहे, पण लठ्ठ आहे. पाणी राहील. लाकडं जातील.

ऑरिन: सगळी?

व्हर्ना: सगळी. वजनही उतरेल आणि शेपूटही हलकी होईल. नाल आणि तिसरी खुर्चीही जाईल.

ऑरिन: आणि रात्री पेटवायचं काय?

व्हर्ना: क्लीटसच्या शेकोटीला बसायचं.

ऑरिन: तो सरड्याची गोष्ट सांगेल. दर वर्षी तो सरडा हातभर वाढतो.

व्हर्ना: ऐकायची. तेवढी शिक्षा हवीच तुला.

इमेल्डा: लाकडं मला चालतील हो. मक्याचे तमाले उकडायला माझ्या आईला ओकच लागतं. दोन पोरं पाठवते, उतरवून घेतील. खुर्चीपण द्या, बुरितोवाल्याचा तिच्यावर जीव जडलाय. मग पुन्हा काट्यावर या, मी स्वतः बघते.

ऑरिन: माझी खुर्ची.

व्हर्ना: पाठवा पोरांना, इमेल्डाबाई… बरं, आता मला सांग. ती दुचाकी कुठाय? गाडीच्या मागंपुढं तर दिसली नाही.

ऑरिन: विकली.

व्हर्ना: विकलीस? माझ्याहून जास्त जपायचास तिला.

ऑरिन: कंटाळा आला. म्हटलं, आता दोघांनी बसावं. तू किती वर्षं टेकडीखाली खुर्ची टाकून, मांडीवर डबा घेऊन, मी वरून दिसलो की हात हलवत बसायचीस.

व्हर्ना: हात हलवायचे, कारण तू जिवंत खाली आलास, हे मोजायचे मी.

ऑरिन: या वर्षी वर चल.

व्हर्ना: येईन. उजवीकडच्या सीटवर बसून तुला शिव्या देत देत येईन. ऐक, लाकडं उतरली की उरलेला रस्ता मी चालवते. आज घाट माझ्या हातांनी उतरायचाय मला.

ऑरिन: ही घे किल्ली.

व्हर्ना: …एवढ्या सहज?

ऑरिन: मागितलीस, दिली.

व्हर्ना: लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मला पोटात कळ आली होती तेव्हासुद्धा दवाखान्यापर्यंत तूच चालवत होतास, आणि वर मलाच रस्ता विचारत होतास. किल्ली तू कधी दिली नाहीस. आणि डाव्या हातानं का देतोयस?

ऑरिन: व्हर्ना, ती पोरं आली बघ.

व्हर्ना: येऊ देत. झाकण, जोडणी, साखळ्या. दाखव तो हात.

ऑरिन: ती उजवी सीट तुझी नाहीये.

व्हर्ना: मग कुणाची?

ऑरिन: माझी. डावीकडचं प्लास्टिक मी काढलं नाही, तुझ्यासाठी ठेवलंय. उन्हाळ्यापासून ही मूठ वळत नाही, व्हर्ना. वाळूत स्टिअरिंग धरवणार नाही मला. पण वरचा वारा अजून हवाय. तेवढं ने मला.