दोन दोन तासांनी

बाळाला वजनकाट्यावरून उचलून सासू-सून बाकावर येऊन बसल्या, तशी शेजारी बसलेली एक बाई हातातलं केळं खायची थांबली.

"सहाशे ग्रॅम! पंधरा दिवसांत सहाशे, आई!"

"अगं, हळू. अख्खा दवाखाना वळून बघतोय."

"बघू दे. जुलाबांनी नुसता हाडांचा सापळा झाला होता. चमचा दिसला की तोंड फिरवायचा."

"डॉक्टरांचं ऐकलं म्हणून. थोडं थोडं, दोन दोन तासांनी."

"आठ, दहा, बारा. एक वेळ चुकवली नाही मी."

"आठ, दहा? मी तर नऊला भरवते. मग अकराला, एकला."

"काय?"

"तू ऑफिसच्या फोनात असतेस ना. म्हटलं, पोर उपाशी राहायचं."

"म्हणजे हा दर तासाला जेवतोय? आणि काल बाराला घास घेईना म्हणून मी रडत बसले!"

"कसा घेईल? अकराला अख्खा बटाटा खाल्ला होता त्याने."

"आता डॉक्टरांना काय सांगायचं?"

"सहाशे ग्रॅम सांगायचे."

दोघी खो खो हसत सुटल्या. तेवढ्यात बाळाने केळ्याकडे हात लांबवला आणि मोठा आ केला.

"देऊ का?" बाईने विचारलं.

"द्या हो, द्या! आई, बघा ना, स्वतःहून मागतोय!"

"पण एवढासाच द्या हं," सासू म्हणाली. "ह्याचे आजोबा बिस्किटं आणायला गेलेत. साडेबाराची वेळ त्यांची असते."