सोनेरी केबल आणि एक राजीनामा

आपल्या मंडळाचे अध्यक्ष आदरणीय जयसिंहराव, आजच्या प्रमुख पाहुण्या आणि या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या मुख्याध्यापिका शालिनीताई, उपाध्यक्ष संभाजीराव, ज्यांच्यासाठी हा हार आणि ही शाल आणली आहे ते कार्यवाह पुष्करराव, त्यांच्या पत्नी अंतरा, आणि उशिरा का होईना, पण आलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो,

मी शामला, मंडळाची कोषाध्यक्ष. निरोपाच्या भाषणात गोडच बोलायचं असतं, असं अध्यक्षांनी मला पायऱ्या चढतानाही बजावलं आणि खुर्चीवर बसल्यावरही बजावलं. मी प्रयत्न करते. जमेलच असं सांगत नाही.

पुष्करराव पुण्याहून बदली होऊन इथे ग्वाल्हेरला आले. फूलबागेजवळच्या एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी, राहायला आपल्या खासगी बाजार मोहल्ल्यात. ते येण्याआधी आपलं मंडळ कसं चालायचं, आठवतंय ना? वाचनालय किल्ली सापडेल त्या दिवशी उघडायचं. पाचचा कार्यक्रम सातला सुरू व्हायचा आणि वक्ता स्वतःच सतरंजी अंथरायचा. पुष्कररावांनी ते सगळं सरळ केलं. ज्येष्ठांचा रविवार त्यांनी सुरू केला. ज्यांना जिने उतरवत नाहीत अशा आपल्या मावश्या-काकांना ते स्वतःच्या गाडीने आणतात, मोठ्या टीव्हीवर जुन्या गणेशोत्सवांची चित्रणं दाखवतात आणि परत घरी सोडतात. असा माणूस पद सोडून चालला आहे. पुण्याला बदली मागितली आहे, अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. आणि हे सगळं कशावरून? एका केबलवरून. पाहुण्यांना हे माहीत नसेल, म्हणून सविस्तर सांगते.

टीव्ही आपल्याला देणगीत मिळाला. लॅपटॉप त्याच्या शेजारच्या टेबलावर. मधे जोडायला एक एचडीएमआय केबल हवी होती. अंतर किती? दीड हात. बाड्यावरच्या बाजारात, कुठल्याही दुकानात अशा केबली टोपलीत पडलेल्या असतात, दुकानदार त्या कोथिंबिरीसारख्या झटकून देतो. पण पुष्कररावांनी ती घेतली नाही. त्यांनी पुण्याहून एक केबल मागवली. ती खोक्यात आली. खोक्यात मखमली पिशवी, पिशवीत केबल, केबलच्या दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा आणि अंगावर बाण! बाण कशासाठी? तर चित्र कुठल्या बाजूने जायचं ते त्याला कळावं म्हणून. आजवर चित्रं बिचारी वाट विचारत फिरत होती बहुतेक.

एवढ्यावर थांबलं नाही. पुष्करराव म्हणाले, "शामलाताई, ही केबल मुरावी लागते." लोणचं मुरतं हे मला ठाऊक होतं. मग रिकाम्या सभागृहात टीव्ही दिवसभर चालू, समोर एक माणूस नाही, आणि केबल मुरतेय. वीजबिल माझ्या टेबलावर येतं, म्हणून मला कळलं.

आता मी काही अडाणी नाही. आपली सहकार्यवाह रुचिका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू, डिजिटलमध्ये एक और शून्य का खेल है. पोहोचलं तर पोहोचलं. नाही तर चित्र अटकेल, ठिपके येतील, स्क्रीन ब्लॅक होईल. रंग थोडा फीका, थोडा गहरा, ऐसा कुछ नहीं होता." मी म्हटलं, मग पैसे कशाचे? ती म्हणाली, "मखमलचे." तार पार मागच्या भिंतीपासून पडद्यापर्यंत न्यायची असेल तर चांगली घ्यावी, तिथे स्वस्तातली दगा देऊ शकते. त्या बिलावर मी हसत सही करीन. पण दीड हातात काय हरवणार होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

असो. मग आला तो रविवार. गेल्या गणेशोत्सवातल्या आपल्या नाटकाचं चित्रण लावलं होतं. सगळे डोळे बारीक करून टीव्हीकडे बघत होते आणि काय एकेकाची वाणी! अध्यक्ष म्हणाले, "काळा रंग बघा, किती खोल आहे." ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, त्या काकांना पडद्याच्या झालरीचे धागे दिसले. संभाजीरावांनी नाटकात सरदाराचं काम केलं होतं. ते म्हणाले, "माझ्या मिशीचा गोंदसुद्धा दिसतोय, वाह!" पुष्करराव नुसते मान डोलवत होते, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला होता.

चहा झाल्यावर मी माझी पिशवी उघडली आणि आतून ती मखमली थैली बाहेर काढली. केबल थैलीतच होती. टीव्हीला सकाळपासून बाड्यावरची टोपलीतली केबल लागलेली होती. संभाजीराव, तो गोंद स्वस्तातच दिसला होता.

सभागृह हसलं. मी तर सगळ्यांत जास्त हसले. पुष्करराव हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या डोळ्यांना सवय नाही." मी म्हटलं, "तुमच्या तरी डोळ्यांना कुठे कळलं?" शब्दाला शब्द वाढत गेला, बिल मंजूर करायचं की नाही इथपर्यंत आला, आणि संभाजीरावांनी टेबलावर हात आपटला. सगळ्यांना आठवत असेल ते काय म्हणाले. "बस झालं आता! पुष्करराव, राजीनामा करा आणि विषय संपवा."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुष्कररावांची एक ओळ आली. कार्यवाहपदाचा राजीनामा देत आहे. खाली आपण सगळ्यांनी काय केलं? हात जोडलेली चित्रं पाठवली. एकापाठोपाठ एक, हातच हात. आपल्याला म्हणायचं होतं, हात जोडतो, जाऊ नका. त्यांनी वाचलं, नमस्कार, या आता. एकानेही फोन उचलून विचारलं नाही. उलट अध्यक्षांनी शालीची ऑर्डर दिली. माणूस थांबवायला आपल्याकडे वेळ नसतो, निरोपाची समिती मात्र लगेच बनते.

मीही फोन केला नाही. त्या रविवारनंतर मी वाट बघत होते की पुष्करराव येतील, चार शब्द बोलतील, मी चार बोलेन, चहा होईल. ते आले नाहीत, राजीनामा आला. मला वाटलं, समेट करायचा नाही म्हणून हा माणूस पदच सोडून गेला. राग आला. खरं सांगते, फार वाईटही वाटलं.

काल मी त्यांच्या घरी गेले, भाषणात काय सांगू ते विचारायला. पुष्करराव म्हणाले, "सांगा की संभाजीरावांनी भर सभेत राजीनामा मागितला आणि मी दिला. माझी तक्रार नाही." निघता निघता मी दारातच थांबले. शालिनीताई, तुम्ही मराठी शिकवलंत, तुमच्या लक्षात आलं असेल. संभाजीराव आयुष्यभर कचहरीत, म्हणजे कोर्टात, पेशकार होते, न्यायाधीशांपुढे खटल्यांचे कागद ठेवायचे. पुण्यात राजीनामा म्हणजे पद सोडणं. आमच्या ग्वाल्हेरच्या कचहरीत दोन पक्षांचा राजीनामा होतो, म्हणजे भांडणारे दोघं राजी होतात, सह्या करतात आणि घरी जाऊन जेवतात. पद सोडायचं असेल तर इथे माणूस इस्तीफा देतो. संभाजीराव म्हणाले होते, राजीनामा करा. द्या म्हणाले नव्हते.

संभाजीराव, जरा उभं राहून सांगता का, तुम्हाला काय म्हणायचं होतं?

मागे ऐकू आलं का? माईक बंद होता, मी पुन्हा सांगते. ते म्हणताहेत, "अरे भाऊ, मी तर दोघांना समझौता करा म्हटलं. इस्तीफा मागितला कोणी? मला तर वाटलं, हाच नाराज होऊन चालला!"

पुष्करराव, हे मी काल तुमच्या दारातच सांगू शकले असते. पण लागलं सगळ्यांसमोर होतं, तर सगळ्यांसमोरच निघायला हवं. आता तुम्ही खाली बघताय आणि अंतरा हसतेय, म्हणजे निम्मं घर राजी झालं असं मी धरते.

केबलबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती वाया गेलेली खरेदी आहे आणि बाण तर शुद्ध थट्टा आहे. पण आमच्या मावश्या-काकांना उत्तमातलं उत्तम दिसावं, असं मनात आणणारा या सभागृहात तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही. आम्ही सगळे 'चलेगा' म्हणणारे. आमच्या चलेगाने इतकी वर्षं किल्लीसुद्धा जागेवर राहिली नाही. तुम्ही गेलात तर पुढच्या रविवारी त्या जिन्यांवरून त्यांना कोण आणणार? मला तुम्ही इथे हवे आहात. तेव्हा आपण आपला राजीनामा करू, आमच्या पद्धतीचा. केबल राहील, बाण तुमच्या मर्जीने टीव्हीकडे राहील. बिलावर मी सही करते, दात-ओठ खात का होईना. तुम्ही उद्या बदलीचा अर्ज मागे घ्या. शाल ठेवून घ्या, इथली थंडी पुण्याच्या माणसाला झेपत नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्या आल्या, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. कोणाला माझं बोलणं टोचलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घ्या, माझी जीभ आता या वयात सुधारायची नाही. जेवण खाली तयार आहे, सर्वांनी चलावं.

पुष्करराव, तुम्ही कुठे निघालात? आधी खुर्च्या आवरा, दिवे मालवा, कुलूप लावा आणि मग या. ते काम कार्यवाहाचं आहे.