शत्रूंच्या देखत

आत्या : आणि जेवणाआधी बायबलातलं ते वचन वाचताना त्या खुर्चीकडे बघून वाच. इकडेतिकडे नको.

पाळक : कुठल्या खुर्चीकडे?

आत्या : खिडकीजवळच्या.

पाळक : तिच्यापुढे ताट मांडलेलं नाही, आत्या.

आत्या : मांडणारही नाही. तिथे माझी धाकटी जाऊ बसणार आहे.

पाळक : काकूंना बोलावलंस? तुम्ही तर सासूबाईंच्या ताटांवरून बोलत नाही एकमेकींशी.

आत्या : बोलायचं कुठे आहे? तिनं बसायचं आणि बघायचं. चिनी मातीचा, निळ्या काठाचा सहा ताटांचा संच. मी थोरली, तो माझ्याकडे यायचा. धाकट्या बाईसाहेबांनी एक ताट पिशवीत घालून नेलं. म्हणे आठवण! पाच ताटांचा संच कधी ऐकलायस?

पाळक : नाही.

आत्या : म्हणून तेविसावं स्तोत्र. ‘तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस.’ किती स्वच्छ लिहिलंय. ताट माझ्यापुढे. शत्रूंनी देखायचं.

पाळक : मला वाटतं... म्हणजे माझी चूकही असेल... शत्रू उपाशी बसलेत असं काही त्या वचनात नाही.

आत्या : त्यांना वाढलंय असं आहे?

पाळक : तेही नाही.

आत्या : झालं तर.

पाळक : बायबलाचा अर्थ लावणारे जुने टीकाकार म्हणतात, हे ताट म्हणजे चर्चमधलं प्रभुभोजन. आणि शत्रू म्हणजे आपलीच पापं.

आत्या : माझी पापं खुर्चीत बसून नाक मुरडत नाहीत. त्या टीकाकारांना जाऊ होती का?

पाळक : बरेचसे... अविवाहित होते.

आत्या : तरीच.

पाळक : पण शेवटच्या भोजनाला प्रभूला धरून देणाराही होता ना? त्यालाही घास मिळाला. प्रभूनं स्वतः बुडवून दिला.

आत्या : त्यानं प्रभूचं ताट नव्हतं पळवलं.

पाळक : शिवाय वचनात ताट वाढणारा देव आहे. इथे तू वाढतेयस.

आत्या : मग सकाळपासून शेगडीपाशी कोण उभं आहे, देव?

पाळक : आत्या, सांगू नये खरं तर. पण मागे काकूंकडे प्रार्थना होती, तेव्हा त्यांनीही मला हेच वचन वाचायला लावलं.

आत्या : हेच? तिला कोण आलंय शत्रू?

पाळक : शेगडीवर काही करपतंय वाटतं.

आत्या : बोल की!

पाळक : मी काही टीकाकार नाही.

आत्या : मी? ताट तिनं न्यायचं आणि शत्रू मी? मोठ्यानं वाचायला लावलं?

पाळक : दोनदा.

आत्या : बघितलंस!

पाळक : काकू लेकीकडे चालल्यात. कायमच्या. ठाऊक आहे ना तुला?

आत्या : म्हणून तर आज बोलावलं. ती गेल्यावर मी कुणाच्या देखत जेवू?

पाळक : मग मांड ना ताट.

आत्या : कुठलं मांडू? मुलगा, सून, नात, तू नि मी, पाचही ताटं संपली. तिच्यापुढे स्टीलचं ठेवलं तर म्हणेल, मुद्दाम केलं.

पाळक : म्हणजे विचार केला होतास तू!

आत्या : गप्प बस. दार वाजतंय.

(पाळक दार उघडतो. धाकटी जाऊ पिशवी घेऊन आत येते.)

जाऊ : येऊ का, जाऊबाई?

आत्या : आलीच आहेस तर ये. ती तुझी खुर्ची.

जाऊ : पुढे ताट नाही. वाटलंच होतं मला. म्हणून घरून आणलंय.

पाळक : निळ्या काठाचं!

जाऊ : लेकीकडे न्यायचं म्हणून गुंडाळलं होतं. पण तिथे एकटं काय करील ते?

आत्या : कड उडवलीस वाटतं त्याची.

जाऊ : मी? तुम्ही उडवलीत, घासताना. सासूबाईंना कळू नये म्हणून मी ते कायम चळतीत सगळ्यांत खाली ठेवायची. वाटणीतही तेच उचललं. चांगली पाच तुम्हाला ठेवली.

आत्या : ...आण ते इकडे, माझ्यापुढे. तू हे माझं घे. बस.

पाळक : मग, वचन वाचू?

आत्या : वाच. पण ‘शत्रूंच्या’ तेवढं हळू.

जाऊ : मोठ्यानं वाच रे. आम्हा दोघींनाही कमी ऐकू येतं.