चार नंबर पोपटाचा

— तिथे नका बसू, मेहुणे, ती आईची खुर्ची, वायर येईल पायात — हां, इथे बसा. बॅग खाली ठेवा की. ठेवा हो, कोणी पळवत नाही. बहिणीचे कपडे न्यायला आलात, न्या, मी अडवणारा कोण — पण दोन मिनिटं माझीही बाजू ऐका. तिकडे तिने काय सांगितलं असेल? की नवऱ्याचं डोकं फिरलंय, जेवणाच्या टेबलावर दिवे बसवलेत. बसवलेत, खोटं कशाला बोलू! पण का बसवले, हे कुणी विचारलं?

हे बघा, मी कारखान्यात पॅनेल जोडतो. पॅनेल म्हणजे काय — एक नखाएवढी चिप, आम्ही तिला कंट्रोलर म्हणतो, आणि तिच्यातून निघालेल्या दोन तारा. त्या दोन तारांवर एकतीस यंत्रं — कुणी तापमान मोजतंय, कुणी दाब, कुणी टाकीतलं पाणी. आता सगळी एकदम बोलली तर? एकाचंही धड कळायचं नाही. म्हणून प्रत्येकाला नंबर. कंट्रोलर हाक मारतो — सात नंबर, बोल. ऐकतात सगळे, बोलतो फक्त सात. बाकीच्यांची अळीमिळी गुपचिळी. सातने वेळेत उत्तर दिलं नाही, तर आठ. अकरा वर्षं, मेहुणे, अकरा वर्षं मला तिथे कुणाची तक्रार नाही. आणि घरी? मोठी कॉलेजचं सांगतेय, धाकटा मॅचचं, पोपट वाटेल ते — आणि त्या गलक्यात आई तीनदा म्हणाली, मी न्हाणीघरात पडले, आणि एकाच्याही कानावर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं तेव्हा कळलं. रडू आलं हो मला. मग केलं ते काय वेडेपणा केला?

प्रत्येकाच्या ताटापुढे एक दिवा, बटणं माझ्या हाताशी. दिवा लागला की बोलायचं, विझला की गप्प. आई एक, मोठी दोन, धाकटा तीन, पोपट चार — हसू नका, सगळ्यात नेमकं तोच बोलतो — आणि प्रश्न ठरलेले. तब्येत? काम? अडचण? उत्तराला तीन सेकंद. आता आई बोलण्याआधी घसा खाकरते, त्यातच तीन सेकंद जातात, मग वहीत तिच्यापुढे रोज लिहावं लागायचं, ‘प्रतिसाद नाही’. — हो, तिच्यासाठीच केलं होतं, माहितेय मला, तुम्ही नका सांगू! घसा आधीच खाकरून ये, एवढंच म्हणत होतो मी. पण काय शांतता होती म्हणून सांगू, एकोणीस दिवस! वरच्या मजल्यावरचे विचारायला आले, घरात कुणी आजारी आहे का.

तुमच्या बहिणीचा नंबर? … पाणी आणू? नको? बरं. नव्हता. तिला नंबर नव्हता. मुद्दाम नाही हो! यादी केली तेव्हा ती शेजारीच बसली होती, पोपटालाही द्या असं तीच म्हणाली — थट्टेनं म्हणाली असेल, आता वाटतं — आणि मी स्वतःला मोजलं नाही तसं तिलाही मोजलं नाही. ती काय, आहेच! आणि तीही अशी हट्टी, दिवा लागल्याशिवाय बोलायचं नाही ना, मग बोललीच नाही. वाढायची, बसायची, उठायची. मला वाटलं, सगळ्यांत शिस्तीची हीच. कारखान्यात कौतुक सांगत फिरलो मी, बायको असावी तर अशी.

तिला बढती मिळालीय, तुमच्या गावाला बदली झालीय — मला कधी कळलं? आत्ता, दारात, तुमच्याकडून! पोरांना ठाऊक, आईला ठाऊक, जिन्यात उभं राहून बोलत होती म्हणे सगळी. मला कोण सांगणार? मी ठरलेले प्रश्न विचारायचो, ते ठरलेली उत्तरं द्यायचे. परवा ती गेली त्या संध्याकाळीही दिवे लावले मी. दोन नंबर, ठीक. तीन नंबर, ठीक. पोपट म्हणाला, साडेसहाची गाडी, साडेसहाची गाडी — मी लिहिलं, आवाज स्पष्ट. खाली सही केली. समोरची खुर्ची रिकामी, मेहुणे, आणि मी सही केली! वहीत तिची ओळच नाही, तर गैरहजेरी लिहिणार कुठे? काल सकाळी चहा कुणी ठेवला नाही तेव्हा मी विचारलं, ही कुठाय? तर आई म्हणाली — घसा न खाकरता म्हणाली — आज विचारतोस?

खरं सांगा. पंधरा दिवस तिने वाट पाहिली म्हणालात ना, माझ्या एका शब्दाची? कुठला शब्द? जाऊ नको, हा? की आपण सगळेच जाऊ, हा? मी गेलो असतो हो. पॅनेलं काय, कुठेही जोडता येतात. तिच्याशिवाय मला या घरात — जाऊ दे. तिला सांगा की … फोन वाजतोय तुमचा. तिचा? उचला ना. माझ्याशी? माझ्याशी बोलायचंय म्हणते? द्या, द्या इकडे. — हॅलो. मीच. हे बघ, आधी माझं ऐकून घे — नाही. नाही. तू बोल. — हं. — हं. — मेहुणे, जरा बाहेर थांबता? दार ओढून घ्या. आणि पोरांनाही वर येऊ देऊ नका, तिचं अजून सुरू व्हायचंय.