एकशे साठ तिकिटं आणि एक कोपर

— नाही, शाल नको, आणि ते मानपत्रही पिशवीत परत ठेव, राधिका. चहा घे, चहाला माझी ना नाही, गार होईल तो — पण ‘आदर्श पिता-पुत्र’ हा काय प्रकार आहे? कोणाच्या डोक्यातून निघालं हे? कमिटीच्या. कमिटी म्हणजे तुम्ही सात जण, मला माहितीये, मी होतो त्या कमिटीत नऊ वर्षं, दोनदा अध्यक्ष — आपल्या मंडळाला दुसरं काही सुचलं नाही की सत्कार सुचतो. गणपतीला पाहुणा मिळत नाही ना? मग धरा कोणाला तरी आणि घाला त्याच्या खांद्यावर शाल. वेद हो म्हणाला असेल. तो सगळ्यांनाच हो म्हणतो, दहा वर्षं तोच धंदा केला त्याने — कोणीतरी फोन करणार आणि हा उठून उभा राहणार. मी नाही म्हणतोय. डॉक्टर नरेंद्र खांबेटे नाही म्हणाले, असं लिही तुझ्या मिनिट्समध्ये आणि विषय संपव.

काय सुरेख करिअर म्हणतेस? तू बेसबॉल बघतेस? नाही ना, मग सुरेख कसं कळलं तुला? सांगतो. जो पहिल्यापासून बॉल टाकतो तो स्टार्टर — त्याचा फोटो बाहेर भिंतीवर, त्याच्यासाठी लोक तिकीट काढतात. तो दमला की मॅनेजर फोन उचलतो आणि मैदानाच्या पार टोकाला भिंतीमागे सात-आठ जण बसवलेले असतात, त्यांतला एक मागवतो. तो रिलीफ पिचर. तो आमचा वेद. त्या भिंतीमागच्या जागेला बुलपेन म्हणतात — कोंडवाडा गं, सरळ मराठीत कोंडवाडा. तिथे ही सहा-सहा फुटी पोरं तीन तास बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं थुंकतात, पायाखाली नुसता थुंकीचा थर — मी डोळ्यांनी बघितलाय, शिसारी येते. फोन वाजला की उठायचं, वीस-पंचवीस बॉल जीव खाऊन टाकायचे, हात तापवायचा — आणि मग पुन्हा फोन, राहू दे, आज नको, बस खाली. ते पंचवीस बॉल कुठेही धरत नाहीत, पेपरात नाही, रेकॉर्डला नाही. कोपर मात्र धरतं. आणि आत बोलावलं तर बारा-पंधरा बॉलचं काम, सामना वाचला तर स्टार्टरचा, गेला तर याने घालवला. मग चाळीस हजार माणसं हॉटडॉग खात याच्या आईचा उद्धार करतात. ती आई, आमची सुहासिनी, शेजारीच बसलेली असायची, तिला वाटायचं टीमचं काही घोषवाक्य आहे.

कॉलेजनंतर सात वर्षं छोट्या गावांमधून बसने हिंडला — मोटेलमध्ये चौघांत दोन पलंग, दुपारी चारला पीनट बटर लावलेला ब्रेड. मी म्हणायचो, अरे आपल्या घरात चार पिढ्यांत कोणी पोटासाठी बॉल फेकला नाही. एकदा फोन आला, डॅड, आय गॉट ट्रेडेड. म्हटलं कोणाच्या बदल्यात? तर ज्याचं नाव नंतर कळवू अशा एका खेळाडूच्या बदल्यात. अशी पद्धत आहे त्यांच्यात, खरंच आहे. म्हणजे माझा मुलगा दिला, आणि काय घेतलं ते अजून ठरायचंय. भांडी देऊन जुने कपडे घेणारी बाईसुद्धा आधी कपडे बघते. तरी हा हसत होता फोनवर — आणि मग एकोणतिसाव्या वर्षी त्या नव्या टीमने वरच्या लीगमध्ये घेतलं त्याला. मग काय विचारतेस. जी माणसं मला लग्नकार्यात विचारायची, वेद अजून ते तसलंच करतो का — तीच इथे शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घेताना मला मिठी मारायला लागली.

आणि मग ती तिकिटं. तू तेव्हा नव्हतीस इथे, सहा वर्षं झाली, जुलै महिना. वेदची टीम शिकागोला येणार होती, शुक्रवार-शनिवार-रविवार. मंडळाने रविवारची एकशे साठ तिकिटं काढली. एकशे साठ भगवे टी-शर्ट, पाठीवर ‘आमचा वेद’. अगं, रिलीफ पिचरचा दिवस ठरवता येतो का? तो खेळेल का हे त्याच्या मॅनेजरलाही नवांतल्या आठव्या इनिंगपर्यंत माहीत नसतं. हे म्हणजे फायर ब्रिगेडच्या माणसाचा सत्कार ठेवायचा आणि आग कधी लागणार ते विचारायचं. पण आपल्या लोकांना कोण सांगणार — अध्यक्ष कोण होता? मी. सामन्याआधी कठड्याशी बोलावला त्याला, युनिफॉर्मवर शाल घातली, नव्वद फॅरेनहाइटच्या उकाड्यात. नारळ गेटवरच काढून घेतला सिक्युरिटीने, टणक वस्तू आत नेता येत नाही म्हणे. मग नारळाऐवजी त्याच्या हातात पेढ्यांचा डबा दिला. उजव्या हातात. त्याने तो लगेच डाव्या हातात घेतला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या आलं.

बिस्किट घे गं. काही नाही — हं, दुखत होता हात, खेळाडूंचे दुखतातच. तू असं बघू नकोस. वेद भाषणात काय बोलणार आहे ते तरी ठरलंय का? लिहून पाठवलंय? तुझ्या फोनवर आहे? दाखव. थांब, चष्मा... इंग्लिशमध्ये आहे, असणारच. ‘एव्हरीबडी इन बेसबॉल लुक्ट ॲट हाऊ फास्ट आय थ्रू. ओन्ली माय डॅड एव्हर लुक्ट ॲट माय आर्म.’

घे तुझा फोन. घे म्हणतो ना.

पाहिला होता. हेच टेबल, तू बसलीयेस तीच खुर्ची. गुरुवारी सामना नव्हता, म्हणून घरी जेवायला आला होता. सुहासिनी आत पुरणपोळ्या करत होती. हळूच म्हणाला, डॅड, कोपर बघ जरा, करंगळीला मुंग्या येतात. मी चौतीस वर्षं हाडांचा डॉक्टर, राधिका, शाळेतली पोरं, कॉलेजातली पोरं, शेकडो कोपरं हाताखालून गेली माझ्या. हात थोडा दुमडून बाहेरच्या बाजूला दाबायचा — चांगलं कोपर असेल तर गच्च अडतं. याचं अडलं नाही. नीट न लागलेल्या दारासारखं हललं माझ्या बोटांखाली. आतल्या बाजूचं लिगामेंट, अर्धं तरी फाटलेलं. एमआरआयची गरज नव्हती, मला दोन सेकंदांत कळलं. सहा आठवडे हात बंद — याखेरीज कुठल्याही डॉक्टरने काही सांगितलं नसतं, मी स्वतः दुसऱ्याच्या पोराला दुसरं काही सांगितलं नसतं.

मी म्हटलं, स्नायू आखडलाय. बर्फ लाव.

त्याने विचारलं, “शुड आय टेल द ट्रेनर?” — टीमचा दुखापती बघणारा माणूस तो — आणि मी म्हटलं, ट्रेनरला कशाला? मी आहे ना.

का म्हणजे काय? रविवार. एकशे साठ माणसं. त्या भगव्या शर्टांत डॉक्टर सबनीस होते, ज्यांची दोन्ही मुलं हार्टची सर्जन, जे वीस वर्षं मला विचारत होते की वेदचं पुढे काय. मला त्यांना दाखवायचं होतं. एकदा, फक्त एकदा, माझा मुलगा त्या कोंडवाड्यातून बाहेर येताना बघू दे त्यांना. आणि मी मघापासून तुला थुंकीचं सांगतोय, बियांचं सांगतोय — त्या पोरांचं काय घाण असणार? घाण ती ही, या टेबलाच्या या बाजूला बसलेली.

आला ना बाहेर. आठव्या इनिंगला फोन वाजला, आला, आपली माणसं उभी राहून ओरडली, सबनीसांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी खूश होतो. लपवत नाही, खूश होतो. दहा बॉल टाकले त्याने. अकरावा पार बाजूला गेला, जाळीवर. वेद हात पोटाशी धरून उभा राहिला आणि त्याने वळून त्याच्या कोचकडे नाही पाहिलं, आमच्या बाजूला पाहिलं. मला शोधत होता, कारण त्याचा डॉक्टर मी होतो. आणि आपली माणसं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं त्याची ओव्हर झाली. नंतर पार्किंगमध्ये पुलाव काढला सगळ्यांनी. एकीने विचारलं, काका, वेदसोबत फोटो मिळेल का आता?

ऑपरेशन झालं, दीड वर्ष गेलं, बॉलचा वेग परत आला नाही तो नाहीच. वरच्या लीगमध्ये एकूण एकोणीस सामने. थांबवला असता तर वाचलं असतं का? कोण सांगणार — नसतंही वाचलं. हे मी स्वतःला रोज सांगतो, त्याने काही होत नाही. आता तो शाळेतल्या पोरांना शिकवतो, आणि त्यांच्या आईबापांना सांगतो, माझ्या डॅडना दाखवा, ते खरं सांगतात. येतात गं ते, इथे येतात. मी सगळ्यांना सहा आठवडे बंद सांगतो. काही झालेलं नसलं तरी.

म्हणून शाल नको. तो तिथे माईकवर हे वाचणार, तुम्ही टाळ्या वाजवणार, आणि मी शेजारी मान हलवत बसू? काय लिहू म्हणतेस? ‘प्रकृतीच्या कारणास्तव’? नको. एक खोटं निदान दिलंय मी, दुसरं देत नाही. त्याला सांगितलं नाही का? नाही. सहा वर्षांत नाही. त्याच्या आईला नाही. आणि पहिल्यांदा सांगितलं ते कोणाला, तर मंडळाच्या सेक्रेटरीला, जिचं आडनावही मला माहीत नाही. बघ म्हणजे माझं.

गाडी वाजली का? तोच. शनिवारी जेवायला येतो. नाही, तू बसू नकोस, ऊठ — नंतर कधीतरी सांगेन म्हणालो तर सहा वर्षं आणखी जातील. मानपत्र घेतलंस? घे. त्याच्याशी काही बोलू नकोस, नुसतं हसून जा.

ये रे. ही राधिका, मंडळाची, निघालीच आहे. बस तू, इथे, माझ्यासमोर. नाही, आईला हाक मारू नकोस, जेवण नंतर. — राधिका, जाताना दार ओढून घे.