बांधावरची मोकळी जागा

तुमची भुतं तुम्ही ऐकलेली आहेत. माझं मी छापील तक्त्यात भरलेलं आहे. पनवेलच्या खाडीकडच्या खारजमिनींची आर्थिक पाहणी चालली होती. भातशेतीचा बांध राखायला किती माणसं राबतात, एवढंच मला मोजायचं होतं. त्या दिवशी नेमका बांध फुटलेला. दुपारच्या भरतीआधी तो बुजला नाही, तर खारं पाणी शिरून गावाचं भात जाणार. माणसं रांगेत उभी राहून हातोहात चिखलाचे गोळे पुढे देत होती. मी मोजली, अकरा.

"बारा लिवा, बाय," गावचे म्हातारे हिरूबाबा म्हणाले. "त्यो मधी हाय. मागं बांध फुटला तवा इथंच बुडाला."

रांगेत खरंच एका माणसाची जागा मोकळी सोडलेली. माझं डोकं फिरलं. "बाबा, भरती येतेय आणि तुम्ही मेलेल्यासाठी जागा अडवता?" मी पदर खोचला आणि त्या जागेत जाऊन उभी राहिले. "घ्या, आता झाले बारा!"

हिरूबाबांनी माझ्या डावीकडे पाहिलं. "तेरा. सरला त्यो, तुमाला जागा दिली."

मी हसले. डावीकडचा गडी सरकून माझ्यापासून चांगला चार हात लांब उभा राहिला होता. त्याने गोळा पुढे धरला आणि सोडला. तो खाली पडला नाही. माझ्या हातात आला, भर उन्हात गारठलेला.

बांध वेळेत बुजला. संध्याकाळी पाहणीचे आमचे सर तक्ता पाहून खेकसले, "यादीत अकरा गडी, तू धरून बारा. तेरावा कुठून आणलास?"

"आणला नाही, सर," मी म्हणाले. "त्याच्या हातून चिखल घेतलाय मी."