टेबलाखालचं चुंबक

...आता मला सांगा, सहा महिने गुमान चिकटून बसलेलं चुंबक नेमकं त्याच सकाळी उपटायची काय गरज होती? पण आमचे साडूभाऊ! प्रयोगशाळेत फिटर. हाताला सफाई आणि काळजाला कापरं.

तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ बाईंचं काम म्हणजे, तुम्हाला सांगतो, काचेच्या कुपीत चिमूटभर अणू लेझरनं नि चुंबकी ओढीनं अधांतरी धरायचे आणि गार करत जायचं, इतकं गार की बर्फाला घाम फुटावा! मग म्हणे लाखभर अणू आपलं वेगळेपण विसरून एकच होतात (आमच्या घरात चौघं होत नाहीत, ते सोडा) आणि पडद्यावर काळा ठिपका उमटतो. पण बघायला उजेड टाकला की ठिपका विस्कटतो. बघितलं की संपलं! पुन्हा गार करत बसा.

दोन वर्षं ठिपका रुसलेला, आदल्या दिवशी एकदाचा आला. आता अकराला तपासणीचे साहेब येणार. ठिपका दिसला तर ठीक, नाहीतर खोलीला कुलूप, बाई घरी नि साडूही घरी.

म्हणून साडू सकाळीच टेबल पुसायला वाकले, तर खालून चुंबक! पाने-पकडी लटकवायला त्यांनीच चिकटवून विसरलेलं. जिथं खिशात लोखंडी किल्लीसुद्धा चालत नाही, तिथं हे धूड! उपटलं, नेऊन सायकलच्या पिशवीत कोंबलं.

अकरा वाजले. ठिपका नाही. पुन्हा केलं... नाही. साहेब घसा खाकरतात, "काल होता ना?" बाई पांढऱ्याफटक. कालपासून काही हललंय का, असं त्यांनी विचारलं मात्र, साडूंच्या डोक्यात वीज चमकली. अहो, सहा महिन्यांची सगळी जुळवाजुळव त्या चुंबकाला धरूनच झालेली! बोलावं तर आपण गेलो, न बोलावं तर बाई गेल्या!

धावत जाऊन पिशवी आणली, नट पडलाय म्हणत टेबलाखाली उताणे शिरले. पण जागा कुठली? खूण स्वतःच लख्ख पुसलेली! तेवढ्यात बाई वाकल्या.

"बाई... हे मीच..."

बाईंनी चुंबक पाहिलं, साडूंना पाहिलं, साहेबांचे बूट पाहिले.

"काका, थोडं डावीकडे."

बोटभर डावीकडे... नुसता धुरकट डाग. केसभर मागे... ठिपका! बघितलं की संपलं, पुन्हा गार, पुन्हा ठिपका! "हलू नका," बाई पुटपुटल्या. साडू तासभर चुंबक धरून तसेच, आपल्या छातीच्या धडधडीनंच ठिपका फुटेल या धास्तीनं.

खोली वाचली. चुंबकाभोवती लाल चौकट आखली. त्या दिवसाच्या फोटोत साहेब, बाई, सगळे हसतायत, आणि टेबलाखालून पायांचे दोन तळवे. मेहुणीनं तळव्यांवरून नवरा ओळखला नि फोटो भिंतीवर लावला. साडू जेवायला बसतात ते भिंतीकडे पाठ करून...

बघितलं की संपलं!